परत आलेले विमान आणि चोरीचा गुन्हा

१४ मे १९५२. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका कॅडेटचे त्या सकाळी डकोटा विमानातून सरावाचे उड्डाण ठरले होते. वेळ सहा ते साडेसहाच्या दरम्यानची, बरोबर आणखी एक कॅडेट. प्रत्यक्षात हा पहाटे पाचच्या सुमारासच निघाला, तोही डकोटाऐवजी हार्वर्ड जातीचे लहान प्रशिक्षण विमान घेऊन. आणि बरोबर नेला ठरलेल्या जोडीदाराऐवजी भलताच माणूस. या सोबत्याला आदल्याच दिवशी गैरवर्तनावरून अकादमीतून काढून टाकले होते आणि त्या दिवशी तो रेल्वेने जोधपूर सोडणार होता. उड्डाणाआधी ज्या परवानग्या आणि औपचारिकता लागतात, त्यातले काहीही झालेले नव्हते. जमिनीवरून संकेत जात राहिले. वरून उत्तर आले नाही.

दुपार व्हायच्या आत दोघे पाकिस्तानात उतरले, सीमेपासून साधारण शंभर मैल आत. १६ मेच्या सकाळी ते कराचीत भारतीय उच्चायुक्तालयाच्या लष्करी सल्लागारांकडे पोचले. वाट चुकली, एका शेतात विमान उतरवावे लागले, ते तिथेच आहे, आम्हाला दिल्लीला पाठवा, असे त्यांनी सांगितले. सल्लागारांनी दोघांची प्रवासी विमानाने परत जाण्याची सोय केली आणि हार्वर्डही जोधपूरला परत येईल अशी व्यवस्था केली. दिल्लीकडे जाणारे ते प्रवासी विमान वाटेत जोधपूरला थांबले. तिथे, १७ मे रोजी, दोघांना अटक झाली.

आता हिशेब मांडा. विमान सरकारला परत मिळाले. ते विकले नाही, मोडून सुटे भाग लंपास केले नाहीत, लपवूनही ठेवले नाही. उलट ते कुठे आहे हे भारतीय अधिकाऱ्याला या दोघांनीच जाऊन सांगितले. तरी आरोप लागला तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली, म्हणजे सरळ चोरीचा. दंडाधिकाऱ्यांनी अठरा महिन्यांची साधी कैद आणि ७५० रुपये दंड सुनावला. सत्र न्यायालयात आणि मग उच्च न्यायालयातही दोषसिद्धी टिकली. कॅडेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी लिहिलेला निकाल आला: के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो एका ओळीत शिकवला जातो, ‘तात्पुरती नेलेली वस्तूही चोरीच’. ओळ चुकीची नाही, पण तिच्यामुळे प्रकरणातला अवघड भाग झाकला जातो. वस्तू तात्पुरती नेली एवढ्यावर शिक्षा झाली असती तर शेजाऱ्याची शिडी न विचारता नेणारा प्रत्येक जण तुरुंगात गेला असता.

बचावाचे दोन धागे होते. पहिला संमतीचा. मी अकादमीचा कॅडेट, उडणे हेच माझे शिक्षण, त्या सकाळी मला उड्डाण करायचेच होते. वेळ चुकली, विमान चुकले, तर तो शिस्तभंग. त्याची चौकशी अकादमीने करावी. दुसरा धागा हेतूचा. विमान कायमचे ठेवून घ्यायचे माझ्या मनात कधीच नव्हते. आम्ही वाट चुकलो, आणि चुकल्याचे कळताच आपल्याच देशाच्या कचेरीत गेलो.

पहिला धागा न्यायालयाने फार वेळ न घेता तोडला. अकादमीची गर्भित संमती असते ती अकादमीच्या शिस्तीत बसणाऱ्या उड्डाणाला. नेमून दिलेले विमान सोडून दुसरे घेणे, वेळेआधी निघणे, संस्थेशी संबंध उरलेला नाही अशा माणसाला बरोबर घेणे, एकही सोपस्कार न करणे, या सगळ्यानंतर संमती गृहीत कशी धरणार? आणि संकेत येत असताना सतत गप्प राहणे हा मुद्दा तर निकालात ठळकपणे आला आहे. ज्याला आपण परवानगीनेच उडतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटते, तो हाक आल्यावर ओ देतो. माझ्या मते पुराव्यातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच.

खरा कस लागला तो दुसऱ्या धाग्यावर.

चोरीच्या व्याख्येत पाच गोष्टी लागतात. वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या कब्जात हवी, त्याची संमती नसावी, ती हलवलेली असावी, आणि हलवताना मनात अप्रामाणिक उद्देश हवा. विमान जंगम आहे, सरकारच्या कब्जात होते, संमती नव्हती, आणि हलवले तर शंभर मैलांहून जास्त. राहिला अप्रामाणिकपणा. इथे संहितेने रोजच्या बोलण्यातला अर्थ घेतलेला नाही. कुणाला तरी गैरलाभ व्हावा किंवा कुणाची तरी गैरहानी व्हावी या उद्देशाने केलेली कृती अप्रामाणिक, एवढेच कलम २४ म्हणते. मधले ‘किंवा’ महत्त्वाचे: दोन्ही सिद्ध करायची गरज नाही. कलम २३ आणखी पुढे जाते. मालमत्ता बेकायदा मिळवली तर गैरलाभ, तशी ती गैरपणे अडकवून ठेवली तरी गैरलाभ. मालक मालमत्तेला मुकला तर गैरहानी, तसे त्याला तिच्यापासून गैरपणे दूर ठेवले तरी गैरहानी. किती काळ दूर ठेवले याचा उल्लेख कुठेही नाही.

न्यायालयाने नेमके हेच धरले. त्या विमानावर सराव कोणी आणि केव्हा करायचा हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा. तेवढा काळ तो सरकारच्या हातून गेला आणि कॅडेटच्या हाती विमानाचा असा वापर आला ज्यावर त्याचा हक्क नव्हता. एकीकडे हानी झाली, दुसरीकडे लाभ झाला.

पण हे झाले परिणामाचे. कायदा विचारतो उद्देशाचे, आणि तोही विमान जागेवरून हलले त्या क्षणाचा. म्हणून खटल्यात सगळी मेहनत त्या पहाटेवर झाली. दोघे पाकिस्तानात नोकरी मिळते का ते पाहायला निघाले होते, असे पुराव्यातून पुढे आले. वाट चुकल्याची कथा या पार्श्वभूमीवर टिकली नाही. एकजण नुकताच बडतर्फ झालेला, विमान ठरलेल्यापेक्षा वेगळे, निघण्याची घटका अंधाराची, आणि तोंडातून शब्द नाही. कराचीतली भेट ही पश्चात्तापाची होती की बेत फसल्यावरची धावपळ, याचे उत्तर गुन्हा ठरवायला लागतच नाही. गुन्हा जोधपूरच्या धावपट्टीवर पूर्ण झालेला होता.

हे कुणाला अतिरेकी वाटेल. मग संहितेतली उदाहरणे वाचावीत. एकोणिसाव्या शतकातली ती छोटी दृश्ये आजही बिनतोड आहेत. झाड चोरायच्या इराद्याने तोडले की ते जमिनीपासून सुटे होताच चोरी पूर्ण. कुत्र्याला खाऊ दाखवून नेले, तर कुत्रा मागे चालू लागताच चोरी पूर्ण. तो घरी पोचायची वाट पाहायला नको. आणि आपल्या प्रकरणाला सर्वांत जवळचे उदाहरण: मालकाची वस्तू उचलायची आणि शोधून दिल्याचे बक्षीस मिळेपर्यंत ठेवून घ्यायची. इथे परत करणे हा बेताचाच भाग आहे, तरी ती चोरी.

इंग्लंडच्या कायद्याशी इथे वाट फुटते. तिथे १९१६ च्या कायद्यात मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू लागत असे, आणि १९६८ च्या चोरी कायद्यातही तो लागतो. या अटीने काय होते हे पाहायला गोयाने काढलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या चित्राचे प्रकरण पुरेसे आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीतून गेले. नंतर चित्राच्या बदल्यात धर्मादाय कामासाठी पैसे मागणारी पत्रे आली. म्हाताऱ्या लोकांचा टीव्ही परवान्याचा खर्च भागावा हा त्यामागचा हट्ट. १९६५ मध्ये चित्र बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्थानकातल्या सामानघरात सापडले आणि केम्प्टन बंटन नावाचा निवृत्त माणूस स्वतःहून हजर झाला. बचाव असा की चित्र ठेवून घ्यायचे कधीच नव्हते. ज्युरीने चित्राच्या चोरीतून त्याला सोडले. चौकट मात्र परत आलीच नव्हती, म्हणून चौकटीच्या चोरीसाठी तीन महिने कैद. राष्ट्रीय संग्रहातले चित्र चार वर्षे गायब आणि शिक्षा लाकडी चौकटीची! १९६८ च्या कायद्यात लोकांसाठी खुल्या ठिकाणी ठेवलेली वस्तू हलवण्याचा वेगळा गुन्हा घालावा लागला आणि दुसऱ्याचे वाहन फिरवायला नेण्याचाही वेगळा. आपल्याकडे बंटनच्या बचावाने चोरीचा आरोप टळला नसता. बक्षिसाचे उदाहरण त्याच्यावर जवळजवळ बेतल्यासारखे बसते.

मला भारतीय मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. ‘परत देणारच होतो’ हे पकडले गेल्यावर म्हणणे सोपे आणि खोडून काढणे अवघड असते. पण तिच्यात एक धोकाही आहे. काळाची अट काढली की सगळा भार एकट्या अप्रामाणिक उद्देशावर येतो, आणि खालच्या पातळीवर, पोलीस ठाण्यात, तो उद्देश तपासला जातोच असे नाही. वस्तू नेली, विचारले नाही, लिहा चोरी. मेहरा निकाल अशा वेळी ढाल म्हणून पुढे केला जातो, खरे तर तो पूर्ण वाचला तर अडसर ठरायला हवा. हेतूचा पुरावा जमवायला त्या खटल्यात किती परिस्थिती उभी करावी लागली ते पाहा.

अलवरच्या फायलीचे प्रकरण या दृष्टीने शेजारी ठेवण्यासारखे आहे. प्यारेलाल भार्गव विरुद्ध राजस्थान राज्य, १९६३ च्या न्यायनिकालांच्या वृत्तांतात छापलेले. मुख्य अभियंत्याच्या कचेरीतल्या एका अधीक्षकाने १९४८ च्या डिसेंबरात खात्याची फाईल घरी नेली, ज्याचे काम अडले होते त्या मित्राच्या हाती दिली, मित्राने आतले कागद बदलले, आणि दुसऱ्या दिवशी फाईल जागेवर. बचाव असा की अधीक्षक म्हणून फाईल माझ्याच कब्जात होती. स्वतःच्या कब्जातली वस्तू कोण चोरेल? न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तो मानला नाही. फाईल खात्याच्या कब्जात. खात्यात काम करणारा माणूस म्हणजे खाते नव्हे. आणि एका दिवसापुरती का होईना, ती खात्याच्या हातून गेली. हा निकाल मेहरापेक्षा मला पटायला सोपा जातो, कारण इथे उद्देश लपलेलाच नाही. फाईल नेण्यामागे दुसरे काही प्रामाणिक कारण सुचवताही येत नाही.

उलट टोकाला २०१९ चे बिर्ला कॉर्पोरेशन विरुद्ध ॲडव्हेंट्झ. तिथे तक्रार अशी की कंपनीची कागदपत्रे बाहेर गेली, त्यांच्या प्रती निघाल्या आणि त्या दुसऱ्या दाव्यात हजर केल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मेहरा आणि भार्गव दोन्ही निकालांचा आधार घेऊन म्हटले की कागद थोड्या वेळासाठी नेऊन त्यातली माहिती उतरवून घेतली तरी चोरी होऊ शकते. पण त्या प्रकरणात ती झाली असे मानले नाही. कागद वापरले गेले ते न्यायालयापुढे आपली बाजू मांडण्यासाठी. त्यात अप्रामाणिक उद्देश दिसत नाही. याच कारणाने आपला हक्क आहे असे खरेपणाने समजून वस्तू उचलणारा माणूस, त्याची समजूत कायद्याने चुकीची ठरली तरी, चोर ठरत नाही. हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे आणि शेताच्या बांधावरच्या भांडणांत, भाऊबंदकीत, थकलेल्या हप्त्यांच्या गाडीवरून होणाऱ्या तक्रारींत ते रोज उपयोगी पडते.

आता तीच पहाट एका साध्या घटनेवर लावून पाहा. एक मुलगा मित्राच्या घराबाहेरची मोटारसायकल न विचारता नेतो आणि रात्री जागेवर आणून लावतो. मैत्री अशी की याआधीही गाडी अशीच नेली होती आणि कुणी काही बोलले नव्हते? मग गर्भित संमती आहे असे समजायला त्याला कारण आहे. संहितेत मित्राच्या ग्रंथालयातून वाचायला पुस्तक उचलणाऱ्या माणसाचे उदाहरण याचसाठी दिले आहे. मित्राने आधी स्पष्ट नाही म्हटले होते, कुलूप तोडले, फोन उचलला नाही? मग आपण जोधपूरच्या धावपट्टीजवळ आलो. अधल्यामधल्या प्रकरणांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ चा विचार करायला हवा. मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेऊन चालवली तर जास्तीत जास्त तीन महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. अप्रामाणिक उद्देश सिद्ध करण्याची गरज नाही, आणि विचारले असते तर मालक हो म्हणाला असता असे मानायला सबळ कारण असेल तर शिक्षाही नाही. बेपर्वाईला चोरीचा शिक्का न मारता शिक्षा देण्याचा हा रस्ता कायद्यात उघडा असताना तो फारसा चोखाळला जात नाही, याचे नवल वाटते. अगदीच क्षुल्लक हानीच्या कृतीला गुन्हा न मानण्याची तरतूदही संहितेत आहेच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीची व्याख्या कलम ३०३ मध्ये आली, गाभा तोच. गैरलाभ, गैरहानी, अप्रामाणिकपणे हे शब्द कलम २ मध्ये गेले, अर्थ तेच. म्हणजे मेहरा निकाल आजही जसाच्या तसा लागतो. बदल झाला तो शिक्षेच्या बाजूला, आणि इथे वस्तू परत करण्याला पहिल्यांदा कायद्यात मोजमाप मिळाले. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामाजिक सेवेची. शिवाय पाच हजारांच्या आतली चोरी आता अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. परतफेडीने गुन्हा पुसला जात नाही, शिक्षा सौम्य होते, हे तत्त्व यात चांगले उतरले आहे. पाच हजारांची रेघ मात्र फार खाली ओढली आहे. मोटारसायकल रात्रीत परत आणून लावणारा मुलगा या सवलतीत बसत नाही. त्याच्या बाबतीत परत देण्याचा विचार पूर्वीसारखाच न्यायाधीशांच्या मर्जीवर राहतो.

ती मर्जी १९५७ मध्ये कॅडेटच्या बाजूने वळली होती. दोषसिद्धी कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कोवळे वय आणि आधीच गजांआड गेलेला काळ विचारात घेतला आणि कैद भोगली तेवढ्यावर आणली. आज तसाच खटला उभा राहिला तर सुरुवातच वेगळी होईल. नव्या संहितेच्या कलम ३०५ मध्ये सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या कोणत्याही मालमत्तेची चोरी सात वर्षांपर्यंत कैदेच्या वर्गात टाकली आहे; राहत्या घरातली चोरी, देवस्थानातल्या मूर्तीची चोरी यांच्याच पंक्तीत. पूर्वीच्या कलम ३७९ ची कमाल तीन वर्षांची होती. कचेरीतून एका दिवसासाठी फाईल घरी नेणारा अधीक्षकही आता याच कलमात येतो, आणि त्याच्या वकिलाला परतीची तारीख सांगून भागणार नाही. फाईल कपाटातून बाहेर काढताना ती कुठल्या कामासाठी काढली, कुणाला सांगितले, नोंदवहीत काय लिहिले, हेच त्याला दाखवावे लागेल.